कोणता अर्धा तास?

बेटा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला अन् आज सकाळी पुन्हा वाचला. लांब आहे पण चांगला लिहिलास. तुझं म्हणणं असं की सकाळी कॉलेजच्या एसटीत पिक्चरच्या गोष्टी निघतात, कोणी म्हणते एक नंबर, कोणी म्हणते भंगार, सगळे धडाधड बोलून मोकळे होतात आणि तुझी पाळी आली की "चांगला होता" याच्या पुढे तुझ्या तोंडून काही निघत नाही, मग दिवसभर डोक्यात चालू राहते की हे सांगायला पाहिजे होतं, ते सांगायला पाहिजे होतं. आणि परवा नागराज मंजुळेच्या झुंड पिक्चरबद्दल तू पहिल्यांदा जरा बोलायला गेली तर एक पोरगा म्हणे, "तुले काय समजते त्यातलं, अर्धा तास सरळ कापायला पाहिजे होता," सगळे हसले, विषय संपला. आता तू विचारून राहिली की काका, पिक्चरबद्दल बोलणं शिकता येते का, त्यासाठी कोणतं पुस्तक वाचू.

शिकता येते. पुस्तकाचं नंतर पाहू. माझं शिक्षण सगळं आपल्या तालुक्याच्या टॉकीजमधल्या पिक्चर दाखवायच्या मशीनच्या खोलीत झालं, आणि त्या खोलीच्या खिडकीतून जेवढा पडदा दिसायचा तेवढेच लोकंही दिसायचे, त्यामुळे मला जे माहीत आहे ते लोकांना पिक्चर पाहताना पाहून माहीत आहे. तेवढं तुला सांगतो.

आधी त्या पोराचं वाक्य घे. "अर्धा तास कापायला पाहिजे होता" हे आजकाल प्रत्येक पिक्चरला लागते, तीन तासांच्याला लागते अन् पावणेदोन तासांच्यालाही लागते. पुढच्या वेळी कोणी असं म्हटलं की चिडू नको, गप्पही बसू नको, शांतपणे विचार, कोणता अर्धा तास? टोमणा म्हणून नाही हं, खरंच जाणून घ्यायला विचार. त्याच्याजवळ उत्तर असलं तर ते ऐकण्यासारखं असते, खऱ्या गप्पा तिथूनच सुरू होतात, आणि नसलं तर त्याचं त्यालाच कळते की आपण कुठंतरी ऐकलेलं बोलून राहिलो.

आता झुंडमध्ये, म्हणजे झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या मास्तराच्या गोष्टीत, लोकं कोणता भाग कापायला निघतात ते मला माहीत आहे, मोनिकाचा. रिंकू राजगुरू आहे त्यात, आदिवासी पोरगी, फुटबॉल खेळायला परदेशात जायचं तर पासपोर्ट पाहिजे, पासपोर्टला ओळखीचे कागद पाहिजे, आणि त्या कागदासाठी ती अन् तिचा बाप या दारातून त्या दारात फिरतात. त्या भागात मास्तर झालेला अमिताभ बच्चन नाही, मॅच नाही, मुख्य गोष्टीला फुटलेला फाटा आहे असंच कोणालाही वाटेल. पण तू आठव, बारावीनंतर तुझ्या दाखल्यासाठी तुझे बाबा किती वेळा मजुरी बुडवून तालुक्याला आले, आज साहेब नाही, उद्या सर्व्हर बंद, परवा पन्नास वर्षांआधीचा आजोबाचा कागद आणा. शहरातल्या माणसाला तो भाग लांबला असं वाटू शकते आणि त्याचंही खोटं नाही, त्यानं तो फेरा कधी मारलाच नाही. तुला तो लांबलेला वाटला नाही. का नाही वाटला ते तू सांगू शकते, आणि ते सांगायला जे लागते ते तुझ्याजवळ आहे, मोठ्या पेपरात परीक्षण लिहिणाऱ्याजवळ असेलच असं नाही. एसटीत तू एवढंच म्हणाली असती ना की मोनिकाचा बाप कागद घेऊन उभा राहते तेव्हा मला आमचे बाबा दिसले म्हणून मला तो भाग पाहिजे, तर माझी खात्री आहे, हसणाऱ्यातल्या अर्ध्यांना आपापले बाबा दिसले असते.

कापण्यावरून सांगतो, कारण मी कापलेले पिक्चर लय दाखवले आहेत. रिळांच्या काळात आपल्याकडचे पिक्चर अमरावतीहून यायचे. सिनेमाच्या धंद्यात देशाचे जे इलाखे पाडलेले आहेत त्यात आपला विदर्भाचा इलाखा अजूनही सीपी-बेरार, म्हणजे मध्य प्रांत अन् वऱ्हाड, म्हणूनच ओळखला जाते, इंग्रज गेले, तो प्रांत गेला, पण वितरकांच्या वहीत नाव राहिलं, आणि अमरावती हे त्या धंद्याचं जुनं ठाणं. पत्र्याच्या पेटीत डबे यायचे. पस्तीस एमएमचं हजार फुटाचं रीळ म्हणजे पडद्यावर अकरा मिनिटं, सेकंदाला 24 चित्रं, म्हणजे तीन तासांच्या पिक्चरला सोळा-सतरा रिळं. ती प्रिंट आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर आधी मोठ्या शहरात, मग जिल्ह्याच्या गावात घासून निघालेली असायची, जिथं तुटली तिथं खराब तुकडा काढून चिकटवलेली, आणि रात्रीच्या शोला उशीर झाला तर एखादं रीळ वगळायची पद्धतही गावोगावच्या टॉकीजमध्ये होती. मी खिडकीतून पाहायचो. मारामारी कापलेली असली की लगेच शिट्ट्या, शिव्या, खुर्च्या आपटणं. गाणं गेलं तरी तसंच. पण एखादा साधा सीन गेला, म्हणजे समज माय पोराला जेवायला वाढते अन् दोघं काही बोलत नाहीत असा, तर कोणी ओरडायचं नाही, कोणाला काही गेलं हे समजायचंही नाही. फक्त शेवटी जिथं बाया पदर डोळ्याला लावायच्या तिथं त्या दिवशी कोणी लावायचं नाही. रडू जिथं साठत होतं ते रीळच लागलं नव्हतं ना. म्हणून कोणी एखादा सीन बिनकामाचा म्हणाला की मी आधी पाहतो, तो सीन नसता तर पुढं कायचं नुकसान झालं असतं. कधीकधी खरंच काही झालं नसतं, तेव्हा तो माणूस बरोबर असते. पण आधी पाहावं लागते.

बोलायला सुरुवात कुठून करायची हे तुझं दुसरं दुखणं. निकाल आधी सांगू नको. चांगला, वाईट, पाचपैकी साडेतीन, हे बाजूला ठेव, पिक्चर संपल्यावर जे डोक्यात राहिलं तिथून सुरू कर. एक चेहरा असेल, एक आवाज असेल, एखादी भिंत असेल. झुंडमध्येच बघ, वस्ती अन् कॉलेजच्या मधात एक भिंत आहे, तुझ्या मेसेजमध्ये तू ती भिंत ओझरती लिहून गेली अन् पुढं निघून गेली. तिथंच थांबायचं होतं. हे झुंड ज्यांच्यावरून घेतलं ते विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते, त्यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल सुरू केलं, पिक्चरमधली बरीच पोरं नागपूरच्याच वस्त्यांमधून घेतलेली, डॉन नावाचा वस्तीतला पोरगा झालेला अंकुश गेडाम त्यातलाच, त्याला पुढं फिल्मफेअरचं पदार्पणाचं बक्षीसही भेटलं. ही माहिती असली तर गोष्टीला वजन येते, पण माहितीपेक्षा ती भिंत महत्त्वाची. ती तुला का दिसली? गावात तुझ्या घरापासून शाळेपर्यंत अशी न बांधलेली भिंत कुठं आहे का? हे प्रश्न स्वतःला विचारले की तोंड आपोआप उघडते.

"ॲक्टिंग भारी केली" हे सुद्धा असंच अर्धवट राहते बघ. काय केलं त्यानं? विमानतळावरची तपासणी आठव, तो डॉन खिशात ब्लेड बाळगत आला आयुष्यभर अन् आता त्या दारातून जायचं आहे. त्याचे डोळे कुठं जातात, हात कुठं जाते, तो किती वेळा वळते. हे सांग. ऐकणाऱ्याला पिक्चर पुन्हा दिसला पाहिजे, आणि ज्यानं पाहिला नाही त्याला पाहावासा वाटला पाहिजे.

सैराटचं पण सांगतो कारण त्याच्यावर तुमच्या एसटीत अजूनही वाद होतात असं तू लिहिलंस. 2016 चा पिक्चर, शंभर कोटीच्या पुढं गेलेला पहिला मराठी, आणि तरी दहातले चार लोकं म्हणतात दुसरा हाफ बोर आहे. आता हे नीट पाहा. अजय-अतुलची चारही गाणी इंटरव्हलच्या आधी संपतात. ती विहीर, तो ऊस, ती नाचणारी गर्दी, सगळं मागं राहते, पुढं हैदराबाद, पत्र्याची खोली, घाण वास, भांडणं, अन् पळून आलेल्या आर्चीला इंग्लिश येते मराठी येते पण तिथलं बोलणं समजत नाही. पळून गेल्यावर काय होते हे नागराज मंजुळेला दाखवायचं होतं आणि पळून गेल्यावर मागं ऑर्केस्ट्रा वाजत नाही. म्हणजे जो माणूस तुला बोर झालं म्हणते, त्याला ते खरंच झालं, फक्त त्याचं कारण पडद्यावर आहे. असं सांगितलं की वाद थोडा वेगळ्या वळणावर जाते. तरी तो म्हणू शकते की मला कळलं पण मला नाही आवडलं, आणि तो त्याचा हक्क आहे, तिथं थांबायचं.

आणि शेवट कोणाला सांगू नको. सैराटसारख्या जुन्याचाही नको, एसटीत दरवर्षी नवीन पोरं चढतात, कोणाचा ना कोणाचा पाहायचा राहिलेला असते. शेवटाबद्दल बोलायचंच तर एवढं बोल की तिथं आवाज नाही. सगळा आवाज काढून घेतला आहे. आमच्या टॉकीजमध्ये त्या वेळी पब्लिक इतकं गप्प झालं होतं की छताच्या पंख्याचा खडखडाट मला केबिनमध्ये ऐकू येत होता, आणि माझ्या पुतण्यानं तोच पिक्चर नंतर मोबाईलवर पाहिला तर त्याला वाटलं इअरफोन गेला, तो वायर हलवत बसला अन् तेवढ्यात संपला. त्याला विचारलं कसा होता तर म्हणे, ठीक.

यावरून एक गोष्ट मी तुला अगदी बजावून सांगतो, मत देण्याआधी आपण काय पाहिलं ते पाहावं. थेटरात कोणी लपून उतरवलेली प्रिंट, समोरून लोकं उठून जातात, कोपरे कापलेले, आवाज डब्यातून आल्यासारखा, ती पाहून कॅमेरा बेकार होता असं म्हणणं म्हणजे त्या कॅमेरावाल्यावर अन्याय आहे. आणि तो कायद्यानं गुन्हा आहे हे वेगळंच, 2023 च्या दुरुस्तीनंतर थेटरात पिक्चर उतरवणाऱ्याला कमीत कमी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि तीन लाखापासून दंड आहे, तुमच्या ग्रुपवर तसल्या लिंका फिरतात, तू पुढं पाठवू नको बेटा. पैसे नसले तर थांब, चार महिन्यांनी टीव्हीवर येते, काही बिघडत नाही. दुसरं, दीडपट स्पीडवर पाहायची नवीन सवय लागली आहे पोरांना. मग दोन माणसांच्या बोलण्यातला जो थांबा असते तो दिसतच नाही, आणि मग म्हणायचं की भावना पोहोचली नाही. तुमच्या घरी नवीन टीव्ही आला ना, त्याच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करायचा एक पर्याय चालू असते, तो बंद कर, नाहीतर 24 चित्रांवर काढलेला पिक्चर रोजच्या सिरीयलसारखा दिसते. रात्रीचे सीन मोबाईलवर पाहायचे असले तर उजेडात बसू नको. एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडते.

डबिंगचंही ध्यानात ठेव. आपल्याकडे साऊथचे पिक्चर सगळे हिंदीतून पाहतात, काही हरकत नाही, मीही पाहतो. पण पुष्पाबद्दल बोलताना "काय आवाज आहे अल्लू अर्जुनचा" असं तुझ्या मैत्रिणीनं म्हटलं म्हणतेस, तो आवाज श्रेयस तळपदेचा आहे, आपला मराठी माणूस. बाहुबलीचा हिंदी आवाज शरद केळकरचा. अल्लू अर्जुनला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार भेटला तो त्याच्या स्वतःच्या तेलुगू बोलण्यासकट. आपल्यापर्यंत जे पोहोचलं त्यात त्याची चाल आहे, तो एकीकडे झुकलेला खांदा आहे, अन् श्रेयसचा गळा आहे. दोघांची कदर दोन ठिकाणी करायची. तिला चारचौघात चूक काढून दाखवू नको, तिला तो आवाज आवडला हे खरंच आहे ना, फक्त कोणाचा ते सांग, ती खुश होईल बघ.

कोटींच्या आकड्यावर मी जास्त लिहीत नाही. एवढंच समज की जो आकडा फिरते तो कधी टॅक्ससकट असते कधी टॅक्स वजा करून, आणि थेटरवाल्याचा हिस्सा गेल्यावर वितरकाच्या हातात त्याहून पुष्कळ कमी येते. तिकिटावर शंभर रुपयांपर्यंत सध्या 5 टक्के जीएसटी आहे, वर गेलं की 18 टक्के. नागपूरच्या मॉलमधलं एक तिकीट म्हणजे आपल्या तालुक्याची चार तिकिटं. म्हणजे कोटीवरून किती लोकांनी पाहिला हेही धड समजत नाही, किती लोकांच्या काळजाला लागला हे तर दूरच. आणि पहिल्या आठवड्याच्या निकालावर तर अजिबात जाऊ नको. शोले 15 ऑगस्ट 1975 ला लागला तेव्हा सुरुवातीला धंद्यातले लोकं पडला म्हणून मोकळे झाले होते, मग एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजला तो पाच वर्षं चालला. हे सांगणारे लोकं कोण होते? तुमच्यासारखेच, बसमध्ये, टपरीवर, कापूस वेचता वेचता. म्हणून तुमच्या त्या एसटीतल्या गप्पांना मी हलकं समजत नाही. पिक्चर जगते ते अशा गप्पांवरच.

स्लो पिक्चरबद्दल मात्र थोडा धीर धर. कोर्ट नावाचा पिक्चर आहे, चैतन्य ताम्हाणेचा, 2015 मध्ये लागला होता, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे झालेत ते वीरा साथीदार, आपल्या नागपूरचे, नट म्हणून नाही तर चळवळीतला माणूस म्हणून ओळखले जायचे, 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेले. त्या पिक्चरमध्ये कॅमेरा लांब ठेवलेला आहे अन् हलत नाही. पाहणाऱ्याला पहिले कंटाळा येते, मग हळूहळू डोळा मागच्या बाकावर जाते, कोण डुलक्या घेते, कोण पंख्याखाली सरकते, कोणाचा नंबर आज पण लागला नाही. सरकारी वकील बाई कोर्टातून निघते, लोकलनं घरी येते अन् स्वयंपाकाला लागते, हे सगळं दाखवलं आहे. एका ठिकाणी कोर्टाचे दिवे बंद होतात, अंधार होते, माणसाला वाटते संपलं, उठावं. संपलं नसते. पुढं जे येते ते मी सांगत नाही, पण ज्यानं तारीख पे तारीख भोगली आहे त्याला ते जज्ज साहेब विसरता येत नाहीत. हा पिक्चर तू एकटी पाहा, दुपारी पाहा, झोप येत असताना पाहू नको. नाही आवडला तर मला तसं लिही, मी वाईट मानणार नाही, पण कोणत्या जागी सुटला ते लिही.

आता लोकांचं. मत आलं की भांडण आलंच, आणि आपल्याकडे दोन मिनिटात ते पिक्चरवरून हिरोवर, हिरोवरून पार्टीवर अन् तिथून जातीवर जाते. फँड्रीवर बोलताना हे मी डोळ्यानं पाहिलं आहे, टपरीवर दोन चांगले दोस्त महिनाभर बोलले नाहीत एकमेकांशी. अशा वेळी पिक्चरच्या आत राहा. फँड्रीत जब्या नावाच्या पोराचं सगळं घर डुकराच्या मागं धावते, डुक्कर हाताशी आलेलं असते अन् शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सगळे जागच्या जागी उभे राहतात, डुक्कर निघून जाते. हा सीन तू फक्त जसाच्या तसा सांग. कोण बरोबर कोण चूक काही म्हणू नको. सीन सांगून झाला की समोरच्याला तिथं काहीतरी म्हणावंच लागते आणि ते तुमच्या दोघांच्या जातीबद्दल नाही तर त्या पोराबद्दल म्हणावं लागते. आणि कोणी तुला "तू तर असंच म्हणशील" असं म्हटलं तर उत्तर देऊ नको, त्या वाक्याला उत्तर नसते, खिडकीबाहेर पाहा, पुढच्या स्टॉपपर्यंत.

आईच्या मताला कमी समजू नको हे पण सांगायचं आहे मला. तू लिहिलं आहे की आईला काही कळत नाही, ती फक्त कोण मेलं अन् कोणाचं लग्न झालं एवढंच पाहते. माझी बहीण ब्रह्मपुरीकडे दिली आहे, दिवाळी झाली की तिकडं झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, वडसा म्हणजे त्या नाटक मंडळ्यांचं गावच, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालते अन् लेकरं-बाळं घेऊन बाया मांडवात बसतात. सकाळी परत येताना त्या बाया ज्या गोष्टी करतात त्या ऐक कधी. "सासू झालेली बाई चांगली होती पण तिनं पोराकडं पाहिलंच नाही, पोराकडं न पाहता कोणती माय रडते?" हे त्यांचं बोलणं. यात ॲक्टिंग आली, डायरेक्शन आलं, लेखन आलं. फक्त ते शब्द त्या वापरत नाहीत. तुझ्या आईला पिक्चर पाहून झाल्यावर कसा होता असं नको विचारू, विचार की तुले कोणावर राग आला? मग बघ ती काय सांगते ते. लिहून ठेव ते.

लिहून ठेवण्याचं तुझ्याही बाबतीत आहे. वहीचं एक पान, पिक्चरचं नाव, कुठं पाहिला, कोणासोबत पाहिला, अन् जे राहिलं ते तीन-चार ओळीत. गोष्ट लिहायची नाही, गोष्ट सगळ्यांना माहीत असते. वर्षभरानं तोच पिक्चर पुन्हा पाहून मागचं पान काढ, मत बदललेलं दिसेल, आणि बदललं की घाबरायचं नाही, तू मधात वाढलेली असते.

शेवटी आपल्या भाषेचं. आपली बोली पिक्चरमध्ये आली की ती बहुतेक वेळा हसवायला येते, नोकर बोलते नाहीतर गावठी मामा बोलते, आणि आपणही हसतो. म्हणून जिथं ती सुखदुःखासकट आली आहे ते पिक्चर तू मुद्दाम पाहा. नाळ पाहा, 2018 चा, सुधाकर रेड्डी यक्कंटीचा, सैराटचा कॅमेरा त्यांचाच होता, त्यात चैत्या झालेला श्रीनिवास पोकळे कसा बोलते ते ऐक, त्या पोराला राष्ट्रीय पुरस्कार भेटला. आणि गाभ्रीचा पाऊस पाहा, सतीश मनवरचा, 2009 चा. गिरीश कुलकर्णी अन् सोनाली कुलकर्णी आहेत. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला आहे अन् बायकोच्या मनात भीती बसली आहे की आपला नवरापण तसंच करेल, म्हणून ती त्याला एकट्याला सोडत नाही, लहान पोराला त्याच्या मागं मागं पाठवते. तो बाप वावरात जाते अन् ते पोरगं मागून चालत राहते. आपल्या गावात हे पाहिलेल्या बाया आहेत, तुझ्या गल्लीत पण आहेत, म्हणून हा पिक्चर आईसोबत पाहायचा का नाही ते तू ठरव, तुला घरचं माहीत आहे. पण पाहिल्यावर लोकांना तो चांगला होता की वाईट होता हे सांगत बसू नको. त्या बाईनं नवऱ्याला कसं कसं राखलं तेवढं सांग. आपल्या भाषेत सांग, "मले", "तुले", "काहून" सगळं येऊ दे, एसटीत कोणाला पुण्याचं मराठी ऐकायचं आहे?

पुस्तकाचं म्हणत होतीस, कॉलेजच्या लायब्ररीत सिनेमावरचं जे मराठी पुस्तक भेटेल ते आण, पण आधी कोर्ट, नाळ अन् गाभ्रीचा पाऊस हे तीन पिक्चर होऊ दे. कोर्टपासून सुरू कर. मी रविवारी दुपारनंतर मोकळा असतो, फोन कर, नाहीतर इकडं चक्कर मार, आणि तो पोरगा येत असला तर त्यालाही घेऊन ये, त्याचा तो अर्धा तास कोणता ते मला खरंच ऐकायचं आहे.

तुझा,
काका